हरभऱ्याचे बीज आणि त्याचे मोल

आपणां शहरवासीयांना डाळीचा भाव तोंडपाठ असतो. परंतु ज्या बियाण्यातून ती डाळ आली, त्याचा हिशोब आपण क्वचितच विचारतो. हरभऱ्याच्या उदाहरणाने तो मांडून पाहू.

पूर्वी हरभऱ्याचे बियाणे ही बहुधा विकत घेण्याची वस्तू नव्हती. निवडक दाणे राख लावून मडक्यात ठेवावेत आणि पुढच्या रब्बीस पेरावेत, ही घरची रीत. हरभरा स्वपरागित असल्याने त्याचे वाण सहसा बदलत नाही. मात्र वर्षानुवर्षे भेसळ वाढते, उगवण घटते. म्हणून शुद्ध बियाण्याची हमी देणारी व्यवस्था हवी होती. १९६३ साली राष्ट्रीय बीज निगम स्थापन झाले, १९६६ साली बियाणे कायदा झाला आणि १९७६ साली अकोल्यास 'महाबीज' उभे राहिले.

याच सुमारास संकरित बाजरी आणि संकरित कापूस आला. त्यांचे बियाणे दरवर्षी नवे घ्यावे लागते. साहजिकच व्यापाऱ्याचे भांडवल तिकडे वळले. बाजरीला हेक्टरी चार किलोंच्या आसपास बी पुरते, हरभऱ्याला पाऊणशे किलो लागते. हेक्टरी पंधरा क्विंटल उतारा धरला, तरी एका क्विंटलचे वीसच क्विंटल होतात. बोजा मोठा, वाढ मंद, आणि गिऱ्हाईक उद्या घरचेच बी पेरणार! अशा धंद्याचा भार मुख्यत्वे सार्वजनिक संस्थांवर आणि बीजोत्पादक शेतकऱ्यांवर पडला.

या शेतकऱ्याचा खर्च पाहा. पायाभूत बियाणे महाग, नोंदणी व तपासणीची फी वेगळी, भेसळीची झाडे उपटण्याची मजुरी वेगळी. मळणीचे खळेही स्वच्छ हवे. एवढे करून उगवण शेकडा ८५ च्या खाली आली, तर तोच माल साध्या धान्याच्या भावाने विकावा लागतो. त्याचा सारा नफा बाजारभावावर मिळणाऱ्या थोड्या अधिक रकमेत असतो. बाजार एकाएकी चढला आणि ती रक्कम वेळेवर ठरली नाही, तर तो बियाणे बाजारातच मोकळे करतो. त्याला दोष कसा द्यावा?

२०१५ साली तूरडाळ किलोला दोनशे रुपयांपर्यंत गेली, तेव्हा आपण सारेच हळहळलो. पुढच्याच वर्षी सरकारने देशात कडधान्यांची दीडशे बीजकेंद्रे उभारण्याची योजना आखली. योजना योग्यच, पण केंद्रालाही बी पिकवून देणारा शेतकरी लागतोच. ती अधिक रक्कम म्हणजे मेहेरबानी नव्हे, शुद्धता राखण्याची मजुरी होय. ती चुकती झाली नाही, तर तिची किंमत पुढे आपल्याच ताटातील वरणाला मोजावी लागते.