एका नाण्यावरची अक्षरं

श्रोतेहो, नवं नाणं हाती आलं की आपण पहिल्यानं त्याची किंमत पाहतो. किंमत कळली की नाणं कनवटीला जातं. आज मात्र एक नाणं घटकाभर तळहातावर राहू द्या. ते परमुलखातलं आहे.

युरोपच्या उत्तरेला, बाल्टिक समुद्राच्या काठी, लिथुआनिया नावाचा छोटा देश आहे. २०१५ सालापासून तिथं युरो हे चलन चालतं. या देशानं २०१९ साली दोन युरोंचं एक स्मारक-नाणं काढलं. पाच लाख नाणी पाडली. एका बाजूला इतर युरो नाण्यांसारखाच छाप, आणि दुसऱ्या बाजूला? गळ्यात पट्टा असलेलं एक अस्वल! मागच्या पायांवर उभं आहे. हे झेमाइतिया नावाच्या प्रांताचं मानचिन्ह. जोडीला लॅटिन भाषेतले दोन शब्द आहेत, 'पात्रिया ऊना'. म्हणजे 'मातृभूमी एकच'.

झेमाइतिया म्हणजे सखल मुलूख. शेजारच्या प्रांताचं नाव आउक्श्ताइतिया, म्हणजे उंचावरचा मुलूख. आपण कोकण आणि घाटमाथा म्हणतो ना, तशातलीच ही जोडी. बोली निराळी, चालीरीती निराळ्या. १२१९ सालच्या एका तहात झेमाइतियाच्या सरदारांचा उल्लेख आहे. त्याला ८०० वर्षं झाली म्हणून २०१९ हे साल तिथं झेमाइतियाचं वर्ष म्हणून साजरं झालं.

हा प्रांत मोठा चिवट. उत्तरेला आणि नैर्ऋत्येला जर्मन धर्मयोद्ध्यांची ठाणी, आणि मधे हा मुलूख. १२६० साली दुर्बे इथल्या लढाईत झेमाइतियाच्या लोकांनी त्या चिलखती सैन्याचा पार मोड केला. बाकीच्या लिथुआनियानं १३८७ साली ख्रिस्ती धर्म घेतला, पण झेमाइतियात तो रुजायला सुरुवात झाली ती १४१३ साली. पुढं १४२२ च्या तहानं हा प्रांत लिथुआनियाकडे कायमचा आला.

पण मंडळी, या नाण्यावर अस्वलापेक्षाही पाहण्यासारखी एक गोष्ट आहे. ती म्हणजे त्यावरचा 'लिएतुवा' हा साधा शब्द. लिथुआनियाचं त्याच्या स्वतःच्या भाषेतलं हे नाव, रोमन अक्षरांत कोरलेलं. यात विशेष काय, असं तुम्ही म्हणाल. ऐका तर.

एकोणिसाव्या शतकात या देशावर रशियन झारची सत्ता होती. १८६३ साली लोकांनी उठाव केला, तो मोडला गेला. मग १८६४ पासून सरकारनं लिथुआनियन भाषेचं छापील काम रोमन अक्षरांत करायला बंदी घातली. भाषा तुमची राहू द्या, पण छापायची ती रशियन अक्षरांत! सरकारनं तशी पुस्तकंही काढली. लोकांनी त्यांना हात लावला नाही.

त्या वेळी झेमाइतियाचे बिशप होते मोतिएयुस वालांचुस. जन्मानं शेतकऱ्याचा मुलगा. त्यांनी सरहद्दीपलीकडे, जर्मन राज्यात, पुस्तकं छापून घेण्याची गुप्त व्यवस्था केली. पण ती पुस्तकं अलीकडे आणायची कुणी? शेतकऱ्यांनी आणली. रात्रीच्या अंधारात, पाठीवर पोती घेऊन, पहारे चुकवून. लोक त्यांना 'क्निगनेशिस' म्हणत, म्हणजे पुस्तकं वाहणारा. पकडला गेला तर तुरुंग नाही तर सैबेरियाची हद्दपारी. काहींना सरहद्दीवर गोळीही लागली. प्रार्थनेची पुस्तकं, पंचांगं, मुळाक्षरांची पुस्तकं यांच्यापायी माणसं जिवावर उदार झाली.

आणि शाळा? ती घराघरांत भरे. पेत्रास रिम्शा या शिल्पकारानं १९०६ साली केलेलं एक शिल्प आहे. आई चरख्यावर सूत काततेय, शेजारी मूल पुस्तक वाचतंय. हात कामात, लक्ष मुलाच्या वाचण्याकडं. बंदीच्या चाळीस वर्षांतली ही खरी शाळा.

१९०४ साली सरकारनं हार खाल्ली आणि बंदी उठवली. १९१८ साली देश स्वतंत्र झाला. १९४० साली सोव्हिएत सत्तेखाली गेला, आणि १९९० साली पुन्हा आपल्या पायांवर उभा राहिला.

तेव्हा, गुरुजी, वर्गात नाण्यांचा धडा आला तर मुलांना एवढं जरूर सांगा, की नाण्यावर राजा नि प्राणी पाहावेत, तशी अक्षरंही पाहावीत. ती तिथवर कशी आली, हे विचारावं. ज्या अक्षरांची पुस्तकं एके काळी पोत्यांत दडवून सरहद्द ओलांडत, तीच अक्षरं ल्यालेलं हे दोन युरोंचं नाणं आज जर्मनीतल्या दुकानातही खुशाल चालतं. दुकानदार ते घेतो आणि गल्ल्यात टाकतो. त्याला बहुधा ठाऊक नसतं. तुम्हाला आता ठाऊक झालं.