वळणावरचे खांब आणि कानातील तोल

आगगाडी खर्डी सोडून कसाऱ्याकडे निघाली आणि वळण लागले, की बाहेरचे खांब नि झाडे क्षणभर कललेली भासतात. कामगारांच्या कामासाठी आम्ही या मार्गाने वर्षानुवर्षे हिंडलो. पण सरळ उभा खांब तिरपा का दिसावा, हा प्रश्न आम्हांस कधी पडला नाही. तो पडला अर्न्स्ट माख या ऑस्ट्रियन शास्त्रज्ञाला, आणि तोही आगगाडीतच.

कसाऱ्यापर्यंत लोहमार्ग आला १८६१ साली. त्याच साली पॅरिसच्या मेनिएर या डॉक्टराने सांगितले की, घेरीचे मूळ कानाच्या आतल्या भागातही असू शकते. तत्पूर्वी, १८२४ च्या सुमारास, फ्लूरां याने पारव्यांच्या कानातील अर्धवर्तुळाकार नलिका कापून पाहिल्या होत्या. पारव्यांना ऐकू येत राहिले, पण मान झोकांड्या खाऊ लागली. याचा उलगडा १८७३ ते १८७५ या काळात माख, व्हिएन्नाचा ब्रॉयर आणि एडिंबरोचा क्रम ब्राउन या तिघांनी स्वतंत्रपणे केला.

डोके वळले की या नलिकांतील द्रव मागे रेंगाळतो. त्याची वर्दी मिळताच डोळे तितकेच उलट दिशेला फिरतात. म्हणून जग जागच्या जागी राहते. प्रत्येकाने करून पाहावे: हातातले पुस्तक जलद हलवले तर अक्षरे पुसट होतात, पुस्तक स्थिर ठेवून मान तितकीच हलवली तर वाचता येते. वळणावर मात्र आपले वजन आणि बाहेर फेकणारी ओढ एकवटतात. कान त्या दिशेलाच ‘खाली’ समजतो, म्हणून खांब कलतो.

हा तोल गेला तर काय होते? स्ट्रेप्टोमायसिनने तो गमावलेल्या एका अमेरिकन डॉक्टराने १९५२ साली आपली हकीकत प्रसिद्ध केली. चालताना त्याला समोरची माणसे ओळखता येत नसत. ओळखण्यासाठी थांबावे लागे. आमच्या एका सोबत्यालाही क्षयावर हीच इंजेक्शने दिली होती. पुढे पाटी वाचताना त्याची अक्षरे नाचत, अंधारात पाय अडखळत. कारखान्यात त्याच्यावर दारू प्यायल्याचा ठपका आला. आम्ही त्याच्या बाजूने भांडलो. पण हे ज्ञान तेव्हा आमच्यापाशी नव्हते, आणि आमची बाजू लंगडी पडली.

म्हणून बंधूंनो, झोकांडी खाणाऱ्या माणसाचे तोंड हुंगण्यापूर्वी त्याचा कान तपासावा. शास्त्राला ही गोष्ट ठाऊक होऊन दीडशे वर्षे झाली. आता ती कारखान्याच्या दारापर्यंत पोहोचली पाहिजे.