सतरा मिलिमीटर

दहा दिवसांतली ही चौथी सोनोग्राफी. साडेसातला क्लिनिक, दहाला स्टँडअप. मॅनेजरला "दातांचं काम चाललंय" असं सांगून ठेवलंय. एव्हाना माझी अख्खी कवळी नवीन व्हायला हवी होती!

फाइलवर रोज नुसते आकडे. उजवीकडे १४, १३, ११; डावीकडे १२. बीजकोष सतरा-अठरा मिलिमीटरचे झाले की ट्रिगरचं इंजेक्शन, आणि त्यानंतर साधारण ३६ तासांनी स्त्रीबीजं काढायची. वेळ हुकली की सगळं मुसळ केरात.

परवा डॉक्टर म्हणाल्या, "हार्मोन जरा जास्तच वाढतायत. या महिन्यात नको, एम्ब्रियो फ्रीझ करू, नंतर सोडू." मला रडूच आलं. अजून एक महिना? म्हणून मग हे गोठवणं कुणाच्या डोक्यातून निघालं ते शोधत बसले.

इंग्लंडमधल्या ओल्डहॅमला स्टेप्टो आणि एडवर्ड्स यांनी औषधं देऊन बरीच वर्षं प्रयत्न केले, पण गर्भ टिकेना. शेवटी औषधंच सोडली आणि निसर्गाचं घड्याळ पकडलं. बायका दर तीन तासांनी लघवीचा नमुना द्यायच्या, रात्रीसुद्धा! त्यात एलएच वाढलेलं दिसलं की डॉक्टरांची धावपळ. महिन्याला बीज एकच. २५ जुलै १९७८ ला लुईस ब्राउन जन्मली ती अशी. (आणि मी साडेसातच्या नावाने खडे फोडतेय.)

त्यानंतर ७० दिवसांनी, ३ ऑक्टोबरला, कलकत्त्यात 'दुर्गा' जन्मली. डॉ. सुभाष मुखोपाध्याय यांनी वेगळाच रस्ता धरला होता. इंजेक्शनं देऊन जास्त बीजं मिळवायची, भ्रूण गोठवायचा आणि औषधांचा असर उतरल्यावर, नंतरच्या नैसर्गिक चक्रात सोडायचा. म्हणजे थोडक्यात माझी फाइलच की!

राज्य सरकारच्या समितीने त्यांचा दावा खोटा ठरवला. जपानमधल्या परिषदेचं बोलावणं आलं, तर जायची परवानगी नाही. १९८१ मध्ये बदली केली ती चक्क नेत्रविभागात. त्याच वर्षी १९ जूनला त्यांनी आत्महत्या केली. गोठवलेल्या भ्रूणापासून मूल जन्मल्याचं जगाने मानलं ते मेलबर्नमध्ये, १९८४ साली.

मुंबईत केईएमला १९८६ मध्ये जन्मलेलं बाळ भारतातलं पहिलं टेस्ट ट्यूब बेबी म्हणून गाजलं. त्यामागचे एक शास्त्रज्ञ डॉ. टी. सी. आनंद कुमार. त्यांनी पुढे मुखोपाध्यायांच्या नोंदी स्वतः तपासल्या आणि १९९७ मध्ये 'करंट सायन्स'मध्ये लिहून टाकलं की पहिला मान त्यांचा. स्वतःच्या हातातलं श्रेय असं दुसऱ्याला देणारा माणूस आमच्या अप्रेझलमध्ये तरी मी पाहिलेला नाही. असो.

आज सकाळी उजवीकडे १८, १७, १५. ट्रिगर रात्री साडेनऊला. नवऱ्याने तीन अलार्म लावलेत. परवा सकाळी बीजं काढणार, मग फ्रीझर.

मॅनेजरला मेल टाकलाय : अक्कलदाढ.