चंदननगरची सहल

सुवर्णमहोत्सवी वर्षात मंडळाची दोन दिवसांची सहल निघावी, ती कोलकात्यापासून फार दूर नसावी आणि पाण्याच्या काठी असावी, एवढ्यावर कार्यकारिणीत एकमत झाले. दिघ्याचे नाव अर्थातच प्रथम निघाले. आम्ही चंदननगर सुचविले, तेव्हा "तेथे आहे काय?" असा प्रश्न आला. बैठकीत आम्हांस नीट उत्तर देता आले नाही. ते येथे देत आहोत.

हावड्याहून लोकलने चंदननगर सुमारे ३३ किलोमीटर. हा लोहमार्ग ऑगस्ट १८५४ मध्ये हुगळीपर्यंत सुरू झाला. आपल्या बोरीबंदर-ठाणे मार्गाहून तो सोळा महिन्यांनी धाकटा. गावी उतरून थेट नदीकाठच्या स्ट्रँडवर यावे. फ्रेंचांच्या या वसाहतीस भरभराट आली ती ड्यूप्ले येथे प्रमुख असताना, १७३१ नंतरच्या दशकात. मार्च १७५७ मध्ये इंग्रजांनी ती जिंकली. पुढे ती फ्रेंचांस परत मिळाली, पण गेलेले वैभव आले नाही. १९४९ च्या सार्वमताने गावाने भारताचा पक्ष घेतला आणि १९५४ मध्ये ते पश्चिम बंगालात विलीन झाले. बडोद्यास वर्षानुवर्षे नोकरी करून मराठी शिकलेले अरविंद घोष १९१० साली पाँडिचेरीस जाण्यापूर्वी इंग्रजी हद्दीबाहेर म्हणून येथेच लपून राहिले होते.

परंतु आमचा आग्रह निराळ्याच कारणासाठी आहे.

आमची कन्या लहान असताना शेजारच्या बंगाली आजीबाईंकडून एक अंगाईगीत ऐकून आली आणि विचारू लागली, "बाबा, बर्गी म्हणजे कोण?" "कोणी दरोडेखोर असतील," असे सांगून आम्ही वेळ मारून नेली. बी.ए.ला इतिहास घेतलेल्या माणसाने असे उत्तर द्यावे, याची खंत आम्हांस आजही आहे.

बर्गी म्हणजे आपले बारगीर, सरकारी घोड्यावर चाकरी करणारे स्वार. नागपूरकर रघूजी भोसल्यांचे भास्करपंत कोल्हटकर चौथाईसाठी १७४२ मध्ये बंगालात उतरले. काटव्यास त्यांचा तळ पडला. त्याच वर्षी हुगळी घेतली गेली आणि तेथे शेषराव नावाचा मराठी अधिकारी नेमला गेला. चंदननगरनंतरचे दुसरे स्थानक ते हेच हुगळी. नदीच्या या पश्चिम काठावर गावे लुटली गेली, जाळली गेली. माणसे मिळेल त्या नावेने पूर्व काठास पळाली. गंगाराम या बंगाली कवीच्या 'महाराष्ट्र पुराणा'त हे सारे आहे, आणि स्त्रियांवर झालेले अत्याचारही आहेत. कोलकात्याच्या रक्षणासाठी खोदावयास घेतलेला 'मराठा खंदक' अपुराच राहिला. पुढे तो बुजवून सर्क्युलर रोड झाला. आज आपण त्यावरून कचेरीस जातो!

काटव्याजवळ दाँईहाट येथे भास्करपंतांनी दुर्गापूजा मांडली होती. ती पुरी होण्याआधीच नबाब अलीवर्दीखानाने रात्री नदी ओलांडून छापा घातला. १७४४ मध्ये बोलणीच्या मिषाने मानकऱ्याच्या छावणीत बोलावून त्याने पंतांचा घात केला. आमच्या पाठ्यपुस्तकात हा दगा सविस्तर होता. त्याआधीची दोन वर्षे एका ओळीत उरकली होती. स्वाऱ्या थांबल्या त्या १७५१ च्या तहाने, बारा लाखांच्या वार्षिक चौथाईवर.

ज्या बंगालने आम्हांस घर दिले, त्याच्या अंगाईत आम्ही आहोत ते असे. आपल्या मुलांना हे कोणी तरी सांगावयास हवे, आणि ते घरच्याच माणसाने सांगितलेले बरे.

तेव्हा बेत असा. हिवाळ्यातला शनिवार-रविवार धरावा. कार्तिकात जगद्धात्री पूजेची गर्दी असते, ती टाळावी. पहिल्या दिवशी ड्यूप्लेच्या वाड्यातले संग्रहालय, चर्च आणि अर्थात जलभरा संदेश. आत गुलाबपाणी असते, बेताने चावावा. दुसऱ्या दिवशी सकाळी मुलांना घेऊन राणीघाटावर जावे आणि होडीने पलीकडे जगद्दलला उतरावे. नदी ओलांडताना, पूर्व काठ जवळ येऊ लागला की, १७४२ ची हकीकत सांगावयास आम्ही तयार आहोत.