अगस्तीचा अस्त आणि चाकणचा पावसाळा

मार्चच्या मध्यास, संध्याकाळी साडेसातच्या सुमारास, चिंचवडहून दक्षिणेकडे पाहिले असता व्याधाच्या बरेच खाली, क्षितिजापासून जेमतेम 19 अंशांवर, एक ठळक पांढरा तारा दिसतो. हा अगस्ती, रात्रीच्या ताऱ्यांत व्याधाखालोखाल तेजस्वी असूनही तो येथे याहून वर कधीच चढत नाही.

पुढे तो सूर्याच्या तेजात लोपतो, त्यास ‘अस्त’ म्हणतात, आणि पहाटे पुन्हा दिसू लागतो, तो ‘उदय’. या दोन्ही वेळा काढण्याची रीत कोकणातील नांदगावच्या गणेश दैवज्ञांनी शके 1442, म्हणजे इ.स. 1520, च्या ‘ग्रहलाघव’ या ग्रंथात दिली असून, तीत ज्या-कोज्यांची कोष्टके लागत नाहीत, केवळ पलभा पुरते. विषुवदिनी मध्यान्ही 12 अंगुळांच्या शंकूची जी सावली पडते ती पलभा. तिची आठपट 78 मधून वजा केली की अस्तसमयीचे, आणि 98 मध्ये मिळवली की उदयसमयीचे सूर्याचे राशिचक्रातील अंश येतात. पिंपरी-चिंचवड ते चाकण या पट्ट्यात पलभा सुमारे 4 अंगुळे भरते, म्हणून उत्तरे 46 आणि 130 अशी येतात, आणि आजच्या पंचांगात सूर्य तेथे अनुक्रमे मेअखेरीस व ऑगस्टअखेरीस असतो. एका सावलीच्या मापावरून मावळचा जवळजवळ सारा पावसाळा हाती यावा, ही या गणिताची खरी थोरवी होय.

अगस्तीच्या उदयाने गढूळ पाणी निवळते, हा संकेत वराहमिहिराच्या ‘बृहत्संहिते’त आणि कालिदासाच्या ‘रघुवंशा’त आहे, भाद्रपदातील अगस्त्यार्घ्य त्याच उदयाशी जोडलेले आहे. लष्करी मोहिमाही पावसाळा सरल्यावर, दसऱ्याच्या सीमोल्लंघनाने निघत. म्हणूनच 1660 साली मोगल सरदार शायिस्ताखानाने ऐन पावसात चाकणच्या संग्रामदुर्गास घातलेला वेढा, आणि किल्लेदार फिरंगोजी नरसाळ्यांनी जवळपास दोन महिने दिलेली झुंज, ऋतूच्या रूढ क्रमाबाहेरची ठरते. तिचा बहुतेक काळ अगस्तीच्या अस्तातच गेला.

1954 मध्ये पिंपरीत हिंदुस्थान अँटिबायोटिक्स या औषध कंपनीची स्थापना झाली, पुढे भोसरी-चाकणपर्यंत कारखाने आले आणि रात्री उजळल्या. मंद तारे त्या उजेडात बुडाले, अगस्ती मात्र अजून सहज सापडतो. बदलले आहे ते पाणी: उदय होऊन गेल्यावरही आळंदीला इंद्रायणीवर सांडपाण्याचा पांढरा फेस तरंगताना दिसतो.