पेनिसिलिन चालत नाही!

आमच्या घरातल्या पत्र्याच्या पेटीत एक चिठ्ठी साठ वर्षं जपून ठेवलेली होती. आईच्या अक्षरात: 'बेबीला पेनिसिलिन चालत नाही.'

1961 साली मी दहा वर्षांची होते. औरंगाबादेत (आताचं छत्रपती संभाजीनगर) ताप आला, घसा सुजला, डॉक्टरांनी इंजेक्शन दिलं आणि दुसऱ्या दिवशी अंगावर पुरळ आलं. तेवढ्यावरून ही चिठ्ठी.

पेनिसिलिनचं तेव्हा केवढं कौतुक! 1928 साली लंडनमध्ये फ्लेमिंगना ते बुरशीत सापडलं आणि 1955 पासून आपल्या पिंपरीच्या हिंदुस्थान अँटिबायोटिक्समध्ये तयार होऊ लागलं. औषध गावोगाव पोचलं, तशी भीतीही पोचली. ती खोटी नव्हती. क्वचित कुणाला इंजेक्शननंतर काही मिनिटांतच धाप लागते, रक्तदाब कोसळतो, जीवही जातो.

म्हणून 'टेस्ट डोस' आला. हाताच्या कातडीत थेंबभर पातळ औषध टोचायचं, भोवती पेनने गोल काढायचा, पंधरा-वीस मिनिटं थांबायचं. गांध उठली तर इंजेक्शन नाही. कातडीवरच्या अशा चाचणीची मूळ कल्पना मँचेस्टरच्या चार्ल्स ब्लॅकली या डॉक्टरची. त्यांनी स्वतःच्याच हातावर ओरखडा काढून गवताचे परागकण लावून पाहिले आणि 1873 साली ते पुस्तकात लिहून ठेवलं.

माझ्या वर्गात सातवीत एक मुलगी होती. तिला सांधेताप झाला होता. हृदयाची झडप वाचावी म्हणून दर तीन आठवड्यांनी पेनिसिलिन घ्यावं लागे. एकदा इंजेक्शननंतर तिला चक्कर आली. 'रिॲक्शन' म्हणून सगळे घाबरले. वडील मला विचारायला आले. मी आईच्या चिठ्ठीचा दाखला देऊन म्हणाले, "बंदच करा." चक्कर सुईच्या भीतीनेही येते, हे मला ठाऊक नव्हतं. पुढे झडप निकामी झाली. तिने विशी पाहिली नाही.

गेल्या वर्षी माझ्या ऑपरेशनआधी डॉक्टरांनी चाचणी करवली. गांध उठली नाही. मग त्यांच्या देखरेखीखाली औषध पोटात दिलं, तरी काही झालं नाही. ते म्हणाले, "बाई, अशी नोंद असलेल्या दहांपैकी नऊ जणांना तपासल्यावर ॲलर्जी निघत नाही. लहानपणी तापाचंच पुरळ असतं, आणि खरी ॲलर्जीही बहुतेकांची दहा वर्षांत ओसरते."

तुमच्याही घरात अशी चिठ्ठी असेल, तर घरच्या घरी प्रयोग करू नका, पण डॉक्टरांना विचारा जरूर. मी नाही विचारलं, नुसता सल्ला दिला.

चिठ्ठी अजून पेटीत आहे. आईचं अक्षर आहे ना. फक्त तिच्याखाली मी तारीख घालून लिहिलंय, 'चालतं.'