हेडफोन ॲम्प्लिफायर आणि तुमचे कान

टेबलावर ठेवायची छोटी डबी. पुढे आवाजाचा मोठा नॉब, शेजारी हेडफोनची पिन खोचायची जागा, मागे विजेची वायर, आणि आत ब्लूटूथ. मोबाइलवरचं गाणं किंवा टीव्हीचा आवाज वायरशिवाय त्या डबीत येतो, डबी तो वाढवते आणि हेडफोनला देते. याला हेडफोन ॲम्प्लिफायर म्हणतात. घरून काम करणारी, रात्रपाळीला कॉल घेणारी, संगीत शिकणारी मुलं तो घेतात. अलीकडे आईवडिलांना टीव्ही ऐकू येत नाही म्हणूनही घरोघरी आणला जातो. डॉक्टर, हा कानाला चालेल का, असं त्यामुळे मला विचारलं जातं.

चालेल. पण या डबीची ताकद किती असते ते आधी समजून घ्या.

साधारण हेडफोनला १ मिलिवॉट वीज मिळाली की तो १०० डेसिबलच्या आसपास आवाज देतो. वीज १० पट झाली की आवाज १० डेसिबलने चढतो, १० पट कमी झाली की तेवढाच उतरतो. म्हणजे ८० डेसिबलला, जो आरामात ऐकण्यापुरता भरपूर आवाज झाला, मिलिवॉटचा शंभरावा हिस्सा पुरतो. टेबलावरच्या अनेक डब्यांवर मात्र १ वॉट, म्हणजे १००० मिलिवॉट, असं लिहिलेलं असतं. कागदावरचा हिशेब १३० डेसिबलपर्यंत जातो. एवढ्या आवाजाला कान दुखतो, आणि इजा व्हायला फार वेळ लागत नाही.

मग एवढी ताकद ठेवतात कशाला? स्टुडिओत वापरतात तसे २५० किंवा ३०० ओहमचे हेडफोन मोबाइलवर दबके वाजतात, त्यांना जास्त व्होल्टेज लागतं. तुमचा हेडफोन तसा असेल तर डबीचा उपयोग आहे. मोबाइलसोबत वापरायचा साधा हेडफोन किंवा कानात घालायचे बोंडूवाले इअरफोन असतील, तर माझ्या मते पैसे वाचवा.

मोबाइलची राखण इथे चालत नाही

मोबाइलवर आवाज फार वाढवला की इशारा येतो. काही फोन आठवडाभरात तुम्ही किती मोठ्याने किती वेळ ऐकलंत याचा हिशेबही ठेवतात. मध्ये डबी आली की हे सगळं लंगडं पडतं. फोनला फक्त स्वतःचा आवाज ठाऊक असतो. पुढे डबीचा नॉब तुम्ही किती फिरवला, हे त्याला कळत नाही. फोनवर आवाज निम्मा दिसतो आणि कानात मात्र दुप्पट-तिप्पट वेगाने इजा होत असते.

जागतिक आरोग्य संघटनेचं माप असं आहे: मोठ्या माणसाने ८० डेसिबल आवाज आठवड्याला ४० तास ऐकला तर चालतो. लहान मुलांसाठी तेवढ्याच वेळाला ७५ डेसिबल. पुढे दर ३ डेसिबलला वेळ निम्मा करायचा. ८३ ला २० तास, ८६ ला १०, ८९ ला ५. असं करत १०१ डेसिबलला पोचलात की आठवड्याचा सगळा कोटा २० मिनिटांच्या आत संपतो.

हा कोटा सगळ्या आवाजांचा मिळून आहे. आमच्या निर्मळहून नालासोपारा स्टेशन गाठून रोज लोकलने मुंबईला जाणारा माणूस गाडीच्या खडखडाटावर मात करायला इअरफोनचा आवाज चढवतो. संध्याकाळी घरी येऊन डबीवर तासभर गाणी ऐकतो. जत्रेत किंवा विसर्जनाला डॉल्बीपुढे उभा राहतो, लग्नाच्या बँडमागे चालतो. कान एकच आहे, तो हे वेगवेगळं मोजत नाही.

कानाच्या आतल्या शंखात साधारण १५ हजार केसपेशी असतात. आवाजाच्या लाटेने त्या हलतात आणि मेंदूकडे निरोप जातो. मोठ्या आवाजाने त्या थकतात. ऐकून झाल्यावर कान दडपल्यासारखे वाटणं, शीळ किंवा गुणगुण ऐकू येणं ही त्या थकव्याची खूण. काही तासांत बरं वाटतं म्हणून लोक सोडून देतात. पण पुन्हा पुन्हा असं झालं की काही पेशी मरतात, आणि माणसात त्या पुन्हा उगवत नाहीत. यावर गोळी नाही, कानात घालायचा थेंब नाही. कोमट तेल आणि लसूण तर मुळीच नाही.

डबी घरात आहेच, तर अशी वापरा. आधी डबी चालू करा, नॉब शून्यावर आणा, मगच हेडफोन कानाला लावा; चालू करताना काही डब्या मोठा ठोका देतात. ‘गेन’ असं लिहिलेलं बटण असेल तर ते कमीवर असू द्या. शांत खोलीत आवाज हळूहळू वाढवत गाण्याचे शब्द नीट कळले की थांबा, आणि नॉबवर त्या जागी एक टिकली चिकटवा. हसू नका, घरातल्या मुलांनाही टिकलीची भाषा कळते. फोन बदलला किंवा दुसरा हेडफोन लावला की टिकलीची जागा पुन्हा ठरवावी लागते. हातभर अंतरावरून साध्या आवाजात मारलेली हाक ऐकू येत नसेल, तर बहुतेक वेळा आवाज जास्त आहे. तासाला पाच-दहा मिनिटं कान मोकळे ठेवा. पावसाळ्यात आपल्या किनारपट्टीच्या दमट हवेत कानावर बसणाऱ्या गाद्या घामाने ओल्या राहतात आणि कानात बुरशी धरते. त्या पुसून वाळवा, एकमेकांच्या वापरू नका. कान वाहत असेल तर हेडफोन बंद.

ब्लूटूथच्या लहरींची भीती बाळगू नका. त्यांची ताकद सहसा काही मिलिवॉट असते आणि त्या एक्स-रेसारख्या पेशी फोडणाऱ्या नसतात. पेसमेकर असलेल्यांना मात्र वेगळी काळजी हवी, ती हेडफोनमधल्या लोहचुंबकाची. छातीपासून निदान १५ सेंटिमीटर लांब ठेवा. गळ्यात लटकवून ठेवू नका, शर्टाच्या खिशात टाकू नका.

आजोबांना टीव्हीसाठी आणताय?

वयाने ऐकू कमी येतं तेव्हा सगळा आवाज सारखा कमी होत नाही. स, श, फ, त, क असे बारीक, वरच्या पट्टीतले आवाज आधी जातात. म्हणून आजोबा म्हणतात, “ऐकू येतं रे, पण काय बोलतात ते कळत नाही.” डबी सगळंच सारखं वाढवते. ढोलही मोठा, शब्दही मोठा, आणि शब्द अस्पष्टच. श्रवणयंत्र तुमच्या कानाच्या तपासणीनुसार जिथे कमी आहे तिथेच आवाज वाढवतं, आणि फार मोठा आवाज आला तर रोखतं. डबी त्याची जागा घेऊ शकत नाही.

दुसरी अडचण उशिराची. ब्लूटूथवरून आवाज बऱ्याचदा सेकंदाचा दहावा-पाचवा हिस्सा मागे पडतो. तुम्हाआम्हाला ते फक्त खटकतं, पण कमी ऐकू येणारा माणूस नकळत ओठ बघून अर्थ लावत असतो, त्याचा आधारच निसटतो. टीव्हीसाठी डबी वापरायचीच तर वायरने जोडा.

एका कानाने अचानक ऐकू येईनासं झालं, तासाभरात किंवा दोन-तीन दिवसांत, तर त्याच दिवशी कान-नाक-घसा तज्ज्ञ गाठा. मळ असेल म्हणून आठवडा घालवू नका. स्टिरॉइडचा उपचार पहिल्या दोन आठवड्यांत, आणि जितका लवकर तितका, उपयोगी पडतो. जून २०२४ मध्ये गायिका अलका याज्ञिक यांनी आपल्याला असं बहिरेपण आल्याचं जाहीर केलं. विषाणूमुळे झाल्याचं त्यांनी सांगितलं होतं आणि त्याच निवेदनात मोठ्या आवाजाचं संगीत व हेडफोन यांबद्दल सावधही केलं होतं. ही दोन कारणं वेगळी आहेत. हेडफोनचं नुकसान बहुतेकदा हळूहळू आणि दोन्ही कानांत होतं.

शीळ दोन दिवसांहून जास्त राहिली, किंवा घरचे म्हणू लागले की टीव्ही फार मोठा लावता, तर श्रवणचाचणी करून घ्या. वेदना नसते, अर्धा-पाऊण तास लागतो. वसई-विरारकरांना वांद्रे रेक्लमेशनजवळची अली यावर जंग संस्था पश्चिम रेल्वेने सरळ पडते. १९८३ पासूनची ही राष्ट्रीय संस्था वाचा आणि श्रवण याच विषयाची आहे. उत्पन्न कमी असेल तर केंद्राच्या एडिप योजनेतून श्रवणयंत्र मिळू शकतं का, तेही तिथे विचारा. चाचणीच्या आदल्या संध्याकाळपासून हेडफोन, बँड, डॉल्बी काही नको. नाहीतर कानाचा तात्पुरता थकवा रिपोर्टमध्ये कायमच्या बहिरेपणासारखा दिसतो.